सातवी, पण कुठून?

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, स्कॅनच्या विभागात, एक बाई गेली एकतीस वर्षं माणसांच्या बरगड्या मोजत आल्या आहेत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आहे आणि तिथेच राहिलं आहे. तोंडावर सगळे त्यांना 'बाई' म्हणतात आणि पाठ वळली की 'कुठूनबाई'. बाईंना हे ठाऊक आहे. स्कॅनच्या खोलीतला माइक बंद करायला लोक विसरतात आणि मग आतलं सगळं काचेअलीकडे ऐकू येतं.

नाव पडलं ते असं. कुणी डॉक्टर कागद घेऊन येतो आणि म्हणतो, "उजवी सातवी बरगडी. सुई घालून तुकडा काढायचाय." बाई पडद्यावरची नजर न काढता विचारतात, "सातवी, पण कुठून?" नवा डॉक्टर गोंधळतो, जुना हसतो. एकाने एकदा घाबरून "उजवीकडून" असं उत्तर दिलं होतं. तो आता मोठा डॉक्टर झाला, पण कँटीनमध्ये अजून त्याला त्यावरून छळतात.

प्रश्न मात्र वेडगळ नाही. पुस्तकातल्या माणसाला बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. वरून मोजा नाहीतर खालून, त्याची सातवी ती सातवीच. टेबलावर येऊन आडवी होणारी माणसं पुस्तकातली नसतात. कुणाला कमरेपाशी एक आखूड बरगडी जास्तीची असते. कुणाची बारावी इतकी छोटी की असून नसल्यासारखी. कुणाची चौथी पाठीकडून एक निघते आणि छातीकडे येता येता दुभंगते, म्हणजे मागून मोजलं तर एक आणि पुढून मोजलं तर दोन. कुणाच्या दोन शेजारणी एकमेकींना अशा चिकटलेल्या की मधून सुई जायला फटच नाही. ज्याच्या छातीत हे असतं त्याला जन्मभर पत्ता नसतो, कारण ते दुखत नाही की खुपत नाही. अडचण होते ती सुई घालायच्या दिवशी. बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिनी आणि नस अंग चोरून चालतात, म्हणून फुप्फुसात सुई न्यायची तर बरगडीच्या वरच्या कडेला घासून न्यावी लागते. दुभंगलेल्या बरगडीपाशी वरची कडा कुणाची आणि खालची कुणाची, हे ठरवण्यातच चार मिनिटं जातात. आणि बरगडीवर काही नंबर कोरलेला नसतो. नंबर असतो कागदावर, आणि कागद येतो दुसऱ्या विभागातून, दुसऱ्याच कुणीतरी मोजून.

बाई कामाला लागल्या तेव्हा फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवावी लागे. बोटांना औषधाचा आंबूस वास यायचा, तो साबणाने जायचा नाही. लग्न ठरवताना सासूबाईंनी विचारलं होतं, "मुलीच्या हाताला कसला वास येतो?" नवरा टेलर. त्याला स्वतःच्या हाताच्या खडूचीच सवय, त्याने काही विचारलं नाही. तो अजून गिऱ्हाइकांना सांगतो, "आमच्या घरी दोघंही माणसं मोजतात. मी बाहेरून, ही आतून." पुढे अंधारी खोली गेली, संगणक आले, बाईंचे केस पांढरे झाले. बोलणं तेवढं तसंच राहिलं, तुटक आणि मुद्द्याचं.

पडद्याच्या वर भिंतीवर त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी एक पट्टी चिकटवली: 'वरून मोजा.' खालून मोजणं सोपं असतं, शेवटची बरगडी चटकन दिसते. पण बाईंच्या राज्यात खालून मोजायला बंदी. गळ्याखालच्या पहिल्या बरगडीला बोट लावायचं आणि मोठ्याने मोजत उतरायचं. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. जोडीला दुसरा टेक्निशियन आहे, चाळिशीचा, त्याला सगळे 'सावकाश' म्हणतात. तो एकदा म्हणाला होता, "दुधाने तोंड पोळलेलं दिसतंय बाईंचं, म्हणून ताक फुंकतात." बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

आता त्यांच्या नणंदेविषयी. नणंद धाकटी, पन्नाशी ओलांडलेली, बिनलग्नाची, शाळेत कवायत शिकवते. गळ्यात शिट्टी, पाठ ताठ, आवाज मैदानाच्या त्या टोकाला पोचणारा. राहते त्याच इमारतीत, एक मजला वर. भावजय घरात आली तेव्हापासून दोघींचं जमतं असं म्हणवत नाही आणि तुटलं असंही नाही. नणंद तोंडाची फटकळ, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. भावजय घुमी. एक बोलून टाकते, दुसरी ठेवून देते. टेलरने दोघींच्या मध्ये तीस वर्षं काढली, त्यामुळे त्याला दोन्ही बाजूंनी होकार द्यायची सवय लागली आहे.

चार वर्षांपूर्वी नणंदेच्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि परत आले, ती पुन्हा मैदानावर उभी राहिली. यंदाच्या तपासणीत हाडांच्या स्कॅनमध्ये एक ठिपका चमकला. तो स्कॅन समोरच्या इमारतीत होतो, तिथून कागद आला: उजवी सातवी बरगडी, बाजूचा भाग. एवढा एकच ठिपका. जुना आजार परत आला असेल तर एका जागी आहे तोवर गाठायला हवा. आणि जुन्या धक्क्याची, पडल्याझडल्याची खूण असेल तर काहीच करायला नको. तुकडा काढून तपासल्याशिवाय कळणार नव्हतं.

नात्यातल्या माणसाचं काम आपण करायचं नाही, असा विभागाचा नियम आहे. बाईंनीच तो कडक पाळायला लावलेला. म्हणून त्या दिवशी त्या नवऱ्याबरोबर बाहेर बाकावर बसल्या आणि आत सावकाशने मोजलं. ठिपका तळमजल्यावरच्या स्कॅनवर दिसत नव्हता, हाड वरवर धडधाकट होतं. अशा वेळी सगळी भिस्त नंबरावर. सावकाशने गळ्याखालून बोट ठेवून सात मोजल्या, खूण केली. सुईवाल्या डॉक्टरांनी जागा बधिर करून तुकडा काढला. नणंद बाहेर आली ती बोलतच, "आमच्या शाळेतली मुलं याच्यापेक्षा जोरात चिमटे काढतात."

आठवड्याने, शनिवारी सकाळी, रिपोर्ट आला. हाड निरोगी, आजाराचं नाव नाही. नणंदेने जिन्यातूनच भावाला हाक मारली, ती चारही मजल्यांना कळली. रविवारी दुपारी सगळ्यांना जेवायला बोलावलं, शाळेतल्या मैत्रिणींनाही.

बाई शनिवारी ड्यूटीवर होत्या. दुपारी काम विरळ झालं तेव्हा त्यांनी नणंदेची चित्रं उघडली. काही शंका होती म्हणून नव्हे. चांगली बातमी स्वतःच्या डोळ्यांनी एकदा पाहावी, इतकंच. सवयीने गळ्याखालून मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. सातवीवर सावकाशची खूण होती, बरोबर तिथेच. बाई थांबल्या असत्या, पण हात थांबला नाही. आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. आणि खाली आणखी एक.

तेरा.

त्यांनी डावी बाजू मोजली. बारा. पुन्हा उजवी मोजली. तेरा. मग त्या वर गेल्या, गळ्यापर्यंत, आणि तिथे ती होती. मानेच्या शेवटच्या मणक्यातून निघालेली एक छोटी बरगडी, फक्त उजवीकडे. सावकाशने हिलाच पहिली धरलं होतं. म्हणजे त्याची सातवी ही खरी सहावी. समोरच्या इमारतीतली माणसं खालून मोजतात, त्यांच्या चित्रात वरच्या बरगड्या खांद्याच्या हाडात हरवतात. त्यांची सातवी खरी सातवी. सुई एक घर चुकून, चांगल्या हाडात गेली होती. रिपोर्ट खोटा नव्हता, पण तो शेजारच्या बरगडीचा होता.

सावकाशची चूक म्हणावी, तर त्याने अक्षरशः पट्टीवर लिहिलेलं केलं होतं. बाईंनी वर पाहिलं. 'वरून मोजा.' पंधरा वर्षं त्या पट्टीवर त्यांनी देवासारखा विश्वास ठेवला होता. त्यांना स्वतःचा राग आला, आणि थोडी भीतीही वाटली.

सुईवाल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी स्वतः दोन्ही बाजू मोजल्या, दोनदा. चष्मा काढला.

"पुन्हा करावं लागेल," ते म्हणाले. "सोमवारी मी त्यांना बोलावून सांगतो. तुम्ही कशाला वाईटपणा घेता?"

"मी सांगते," बाई म्हणाल्या.

"घरचा मामला आहे, बाई."

"म्हणूनच."

रविवारी वरच्या मजल्यावर वीस माणसं जेवली. केक होता, फुगे होते, कवायतीच्या बाईंना मुलांनी कागदाचं पदक करून पाठवलं होतं. नणंद ते गळ्यात घालून वाढत होती. पुढ्यात आलेला केक बाईंनी संपवला. एक मैत्रीण म्हणाली, "तुमच्या वहिनी नेहमीच अशा गंभीर का हो?" नणंद म्हणाली, "ती हाडं बघते ना दिवसभर, माणसं बघायची सवय गेली." सगळे हसले. बाईही हसल्या. पाहुणे असताना बोलायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

पाहुणे गेले. टेलर उरलेल्या ताटल्या गोळा करत होता. बाईंनी पदर खोचला नाही की प्रस्तावना केली नाही.

"रिपोर्ट तुझ्या आजारी बरगडीचा नाही. दुसऱ्याच बरगडीचा तुकडा निघालाय. सुई पुन्हा घालावी लागेल."

नणंद भावजयीकडे वळली. मग म्हणाली, "तुला माझं बरं बघवत नाही ना, वहिनी?"

"अगं, ऐकून तरी घे," टेलर म्हणाला.

"तू गप्प बस, दादा. तीस वर्षं बघतेय मी. दुधाचं भांडं भरलं की हिच्या हातात मिठाचा खडा तयार! चार वर्षांनी घरात माणसं हसली, ते सोसलं नाही हिला. डॉक्टरला कळत नाही, तपासणाऱ्याला कळत नाही, आणि हिला कळतं!"

"डॉक्टरांनी पाहिलंय. काल."

"काल? आणि आज माझ्या घरी केक खाल्लास?"

बाई उठल्या आणि नणंदेजवळ गेल्या. "उजवा हात दे." नणंदेने दिला नाही. बाईंनी तो घेतला आणि तिचीच बोटं तिच्या मानेच्या उजव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाच्या वर टेकवली. "दाब. काय लागतं?"

"हाड."

"आता डावीकडे."

नणंदेने डावीकडे चाचपलं. पुन्हा उजवीकडे. "हे तर लहानपणापासून आहे," ती म्हणाली. आवाज थोडा उतरला होता. "आई म्हणायची, हे हिचं हट्टाचं हाड."

"ती जास्तीची बरगडी आहे. आमच्या माणसाने तिच्यापासून मोजायला सुरुवात केली. म्हणून सगळं एकेक घर सरकलं."

"म्हणजे तुझा माणूस चुकला."

"माझी पट्टी चुकली. वरून मोजा, असं मीच लिहून ठेवलंय."

"मग आता तुझ्यावर का म्हणून विश्वास ठेवू? उद्या म्हणशील, तिसऱ्याच बरगडीत होतं!"

बाई खुर्चीवर बसल्या आणि जे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगायला लागल्या. पंधरा वर्षांपूर्वी शिवणाच्या वर्गात शिकवणारी एक बाई आली होती. कागदावर होतं, आठवी बरगडी. डॉक्टरांनी विचारलं, आठवी कोणती? "मी खालून मोजलं. तेव्हा आमच्याकडे सगळे खालूनच मोजायचे, कागद मात्र वरून मोजून आलेला. तिला कमरेपाशी एक जास्तीची होती. मी तिलाच बारावी धरलं. रिपोर्ट आला, काही नाही म्हणून. ती बाई माझ्यासाठी स्वतः शिवलेली पिशवी घेऊन आली. आठ महिन्यांनी परत आली तेव्हा आजार पाठीच्या कण्यात गेला होता. मी जुनी चित्रं काढली, मोजली, आणि मला कळलं. तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, मी बघतो."

"मग?"

"त्यांनी काही बघितलं नाही."

"तिला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"तू?"

"नाही. ती रोज माझ्यासमोरून व्हीलचेअरवरून जायची. मला म्हणायची, तुम्ही तरी किती काळजीने करता हो. मी गप्प बसले. वर्षभरात गेली ती."

टेलरने हातातल्या ताटल्या टेबलावर ठेवल्या आणि बायकोकडे असं पाहिलं, जणू मापाचा कपडा उसवून आतली शिवण पहिल्यांदा दिसावी. नणंदेने कागदाचं पदक गळ्यातून काढलं, नीट घडी केली.

"उद्या किती वाजता यायचं?" ती म्हणाली.

दुसऱ्या वेळी बाई पुन्हा बाहेर बाकावर. नियम तो नियम. आत सावकाशने दोन्ही बाजू मोजल्या, वरून मोजल्या, खालून मोजल्या, आणि इतक्या मोठ्याने मोजल्या की दाराबाहेर ऐकू येत होतं. समोरच्या इमारतीतलं चित्र शेजारच्या पडद्यावर लावून, त्यांची सातवी आणि आपली सातवी एकच आहे याची डॉक्टरांकडून खात्री करून घेतली. मग सुई.

रिपोर्ट यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात नणंद भावजयीशी तीन वाक्यं बोलली, तिन्ही पाण्याच्या टाकीबद्दल.

आजार होता. त्याच बरगडीत, आणि बाकी कुठे नाही. कर्करोगाच्या डॉक्टरांनी बऱ्या-वाइटाचं गोड मिश्रण न करता सांगितलं की हा समूळ जाईल असं वचन कुणी देणार नाही, पण एका जागी सापडलाय, त्या जागेवर किरणं देऊ, औषध बदलू, आणि अशी माणसं वर्षानुवर्षं कवायत घेताना आम्ही पाहिली आहेत. आठ महिन्यांनी सापडला असता तर हे बोलता आलं नसतं. नणंद कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडली. ताठ पाठ वाकवून, हमसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता. बाई शेजारी उभ्या राहिल्या. पाठीवर हात ठेवावा असं त्यांना फार वाटलं. तीस वर्षांत तो कधी ठेवला नव्हता, त्यामुळे कुठे ठेवतात ते कळेना. मग नणंदेनेच तो ओढून घेतला.

तळमजल्यावर त्याच दिवशी जुनी पट्टी निघाली. नव्या पट्टीवर मजकूर लांबला: 'दोन्ही टोकांकडून, दोन्ही बाजू, शेवटपर्यंत.' सावकाश म्हणाला, "बाई, आता कुठूनबाईंचं नाव काय ठेवायचं?" बाई म्हणाल्या, "काम करा."

किरणांच्या पाच बैठका झाल्या. शेवटच्या दिवशी बाईंची सुट्टी आणि नणंदेची वेळ जुळली, दोघी एकाच बसने निघाल्या. बसायला जागा मिळाली. नणंद खिडकीशी बसली.

"त्या शिवणाच्या बाईला घरी कोण होतं?" तिने विचारलं.

बाईंना वाटलं होतं, तो विषय त्या रविवारीच संपला. "एक मुलगी," त्या म्हणाल्या. "तेव्हा कॉलेजात होती."

"कुठे राहते?"

"आपल्याच थांब्याजवळ. चक्कीच्या मागच्या गल्लीत."

"तुला कसं माहीत?"

"दिसते कधीकधी. म्हणून मी एक थांबा आधी उतरते."

नणंदेने मान वळवून भावजयीकडे पाहिलं. "दादाला सांगतेस की चालणं तब्येतीला चांगलं, ते हे?"

बाईंनी होकाराची मान हलवली.

"मला त्या दिवशी सांगितलंस तेव्हा मला तुझा जीव घ्यावासा वाटला होता," नणंद म्हणाली. "आता वाटत नाही. त्या मुलीला सांगितलंस की तिलाही तसंच वाटेल. वाटू दे."

"पंधरा वर्षं झाली गं."

"मग काय झालं? तिची आई परत आलीय का?"

बसने वेग कमी केला. घराच्या आधीचा थांबा आला, दार उघडलं, आणि बाई सवयीने उठल्या. नणंदेने त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना खाली बसवलं.